प्रत्येक विद्यार्थ्यामागे १५ हजार देतो म्हणाले, घ्यावेत का?

कृष्णाकाठ
नमस्कार. जरा मोठं लिहितेय पण शेवटपर्यंत वाचा, मला खरंच मत हवंय.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ११ वर्षं शिकवतेय, मेकॅनिकलला. फायनल इयरचे प्रोजेक्ट माझ्याकडे असतात त्यामुळे पुढे काय करू, एमएस करू का नोकरी बघू हे विचारायला मुलं माझ्याकडेच येतात. बरीचशी शेतकऱ्यांची पोरं, घरात पासपोर्ट काढणारा पहिलाच माणूस.

गेल्या महिन्यात परदेशी शिक्षणाची कन्सल्टन्सी चालवणारे एक गृहस्थ कॉलेजात सेमिनार घेऊन गेले. नंतर केबिनमध्ये आले, पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवला आणि म्हणाले मॅडम तुम्ही फक्त मुलं पाठवायची, बाकी फाइल वगैरे सगळं आमच्याकडे, ज्या मुलाची फी भरली जाईल त्याच्यामागे १५ हजार तुमचे, रोख किंवा जीपे जसं म्हणाल तसं. मी म्हटलं हे बरोबर नाही वाटत. तर म्हणाले, "मुलाकडून आम्ही एक रुपया घेत नाही मॅडम, आम्हाला युनिव्हर्सिटी देते. मग यात नुकसान कुणाचं?"

याचं उत्तर मला तिथल्या तिथे देता आलं नाही आणि तेव्हापासून तेच डोक्यात फिरतंय.

आमच्याकडे पगार वेळेवर होत नाहीत, कधी दोन-दोन महिने थकतात. वर्षाला सात-आठ मुलं गेली तर लाखभर रुपये होतात, मला नको आहेत असं म्हणून मी मोठेपणा घेणार नाही. पण परवा माझा एक विद्यार्थी आला, ८.७ सीजीपीए, एकही बॅकलॉग नाही, वडिलांची तासगाव बाजूला द्राक्षबाग. त्याच्या हातात त्याच कन्सल्टन्सीचा प्रिंटआउट, इंग्लंडमधली तीन विद्यापीठं, तिन्हीची नावं मी कधी ऐकली नव्हती. मी विचारलं जर्मनी बघितलंस का रे, मेकॅनिकलचा आहेस तू. तर म्हणतो "सर म्हणाले तिथे भाषा लागते, चान्स नाही". वडील घराजवळचा एनए प्लॉट तारण ठेवून कर्ज काढणार आहेत.

याला मी पाठवलं असतं आणि १५ हजार घेतले असते तर?

माजी_काउन्सेलर_पुणे
मॅडम, मी डेक्कनजवळच्या एका ऑफिसात ४ वर्षं काउन्सेलर होते, म्हणून आतलं सांगते.

युनिव्हर्सिटी कमिशन देते हे खरं आहे. पहिल्या वर्षाच्या फीच्या साधारण १० ते २० टक्के, कुठे त्याहून जास्त. समजा इंग्लंडमध्ये फी १८ हजार पाउंड आहे आणि रेट १५ टक्के, म्हणजे २,७०० पाउंड, आपले जवळजवळ तीन लाख. एका मुलामागे. तुम्हाला देऊ केलेले १५ हजार त्यातला चुरा आहे.

आता ते "नुकसान कुणाचं" त्याबद्दल. आमच्याकडे एक एक्सेल शीट होती, त्यात युनिव्हर्सिटीचं नाव, कोर्स, आयईएल्टीएस (इंग्रजीची परीक्षा) किती लागतं, आणि शेवटच्या कॉलममध्ये रेट. मुलगा समोर बसलेला असताना लॅपटॉपची स्क्रीन आमच्याकडे असायची आणि शीट त्या शेवटच्या कॉलमप्रमाणे लावलेली असायची. मुलाला सांगायचं तुझ्या प्रोफाइलला या तीन बेस्ट आहेत. खोटं नसायचं अगदी, ॲडमिशन मिळायची तिथे. पण चौथी, पाचवी, सहावी जी त्याच्यासाठी जास्त चांगली होती पण जिच्याशी आमचं टायअप नव्हतं ती त्याच्या कानावरच जायची नाही. जर्मनीतल्या सरकारी युनिव्हर्सिट्या कमिशन देत नाहीत, म्हणून तुमच्या विद्यार्थ्याला "चान्स नाही" हे उत्तर मिळालं. मी स्वतः हे वाक्य कितीतरी मुलांना म्हटलेलं आहे.

ऑफिसात एक पितळी घंटा टांगली होती. डिपॉझिट भरलं की ज्याची फाइल त्याने वाजवायची, सगळे टाळ्या वाजवायचे. एकदा साताऱ्याकडचे एक वडील बाहेर सोफ्यावर बसलेले असतानाच त्यांच्या मुलीचं डिपॉझिट जमा झालं आणि घंटा वाजली, ते हसून विचारायला लागले की काय झालं, वाढदिवस आहे का कुणाचा. मला त्यांना उत्तर देता आलं नाही. त्याच महिन्यात राजीनामा दिला.

आणि हे फक्त ॲडमिशनपुरतं नाही, लोनचं टेबलही त्याच ऑफिसात असतं, सरकारी बँकेत वेळ लागतो म्हणून मुलाला फायनान्स कंपनीकडे वळवायचं, व्याज जास्त, पण तिकडूनही कमिशन येतं. मुलाला वाटतं एकाच छताखाली सोय झाली.

पाऊस_यॉर्कशायरचा
मी मूळचा नाशिकचा, इकडे एका विद्यापीठाच्या ॲडमिशन विभागात आहे, म्हणून पैसे देणाऱ्या बाजूचं सांगतो.

एजंटवर सगळं ढकलून मोकळं होणं बरोबर नाही. हे पैसे आम्ही देतो म्हणून ते घेतात. इंग्लंडमध्ये इथल्या मुलांची फी सरकारने बांधून ठेवलेली, २०१७ पासून ९,२५० पाउंडच होती, २०२५ ला कुठे ९,५३५ झाली. महागाई वाढत गेली, खड्डा पडत गेला, तो भरायचा कुणी तर बाहेरून येणाऱ्या मुलांनी, त्यांच्या फीवर मर्यादा नाही. कॅनडात ऑन्टारिओने २०१९ ला स्थानिक फी १० टक्के कमी करून गोठवली, तिथल्या कॉलेजांनीही तेच केलं. म्हणजे तासगावची द्राक्षबाग इकडचं बजेट सांभाळतेय असं म्हटलं तरी चालेल. हे बोलायला इथे कुणाला आवडत नाही.

अमेरिकेची गोष्ट तर लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिथे १९९२ पासून कायदा आहे की सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजांनी विद्यार्थी आणण्यासाठी डोकेमोजणीवर कमिशन द्यायचं नाही, कारण खाजगी कॉलेजांनी गरीब पोरांना कर्जात ढकललं होतं. पण त्याच कायद्यात सूट आहे, परदेशात राहणाऱ्या, सरकारी मदत न मिळणाऱ्या मुलांसाठी हे चालतं. स्वतःच्या पोरांसाठी जे घातक म्हणून बंद केलं ते दुसऱ्यांच्या पोरांसाठी उघडं ठेवलं, मला यातच सगळा प्रश्न दिसतो. तिकडच्या ॲडमिशनवाल्यांच्या संघटनेत, एनएसीएसीमध्ये, यावर जोरदार वाद झाला, २०११ मध्ये पूर्ण बंदीचा प्रस्ताव होता, २०१३ मध्ये शेवटी ठरलं की चालेल पण पारदर्शकता आणि जबाबदारी हवी.

२०१६ मध्ये वेस्टर्न केंटकी युनिव्हर्सिटीत काय झालं ते बघा. भारतातून एजंटमार्फत कॉम्प्युटरच्या मास्टर्सला साधारण ६० मुलं आली, "स्पॉट ॲडमिशन" म्हणून जाहिराती झाल्या होत्या. जवळजवळ ४० जण त्यांच्या प्रवेशाच्या अटीत बसत नव्हते आणि पहिल्या सेमिस्टरनंतर किमान २५ जणांना कोर्स सोडायला सांगितलं. प्रवेश विद्यापीठाने दिला, जाहिरात एजंटने केली, आणि घरी जायची वेळ आली मुलांवर.

आमच्याकडे नियम आहेत, नाही असं नाही. २०१२ चं लंडन स्टेटमेंट आहे, एजंटांनी कसं वागावं याचं, ब्रिटन ऑस्ट्रेलिया न्यूझीलंड आयर्लंड चौघांनी मिळून केलेलं. आता एजंट क्वालिटी फ्रेमवर्क म्हणजे एजंटांच्या दर्जाची नियमावली आहे आणि २०२५ च्या इमिग्रेशनच्या श्वेतपत्रिकेत ते एजंट वापरणाऱ्या विद्यापीठांना सक्तीचं करायचं म्हटलंय. २०२४ मध्ये सरकारच्या मायग्रेशन सल्लागार समितीने तर विद्यापीठं एजंटवर किती खर्च करतात ते जाहीर करा अशी शिफारस केली. आम्ही ते मुलाला ऑफर लेटरवर छापून देत नाही. माझ्या मते छापलं पाहिजे, एक ओळ पुरेल, "या प्रवेशासाठी आम्ही तुमच्या सल्लागाराला इतके पाउंड देणार आहोत."

रंकाळा_कन्सल्टंट
मी कोल्हापुरात १४ वर्षं हाच व्यवसाय करतो, त्यामुळे बोलावंच लागेल.

वर जे लिहिलंय ते खोटं नाही, असे लोक आहेत, मला माहीत आहेत. पण सगळ्यांना एका पंक्तीत बसवू नका. माझ्याकडे राधानगरीतून पोरगा येतो, मराठी मीडियम, वडिलांचा आयटीआर नाही, नावात स्पेलिंगचे तीन प्रकार, दहावीच्या सर्टिफिकेटवर एक, आधारवर एक, पासपोर्टवर तिसरंच. त्याचं ॲफिडेव्हिट, गॅझेट, सीएचं सर्टिफिकेट, बँकेत २८ दिवस पैसे ठेवायचे ते कसे, व्हिसाच्या इंटरव्ह्यूची तयारी, हे सगळं माझ्या ऑफिसातली दोन माणसं करतात. युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवर सगळं फुकट आहे हे खरंय पण वेबसाइट त्याच्या आईला फोन करून समजावत नाही की पोरगा एकटा राहील तर सुरक्षित राहील का. आणि व्हिसा नाकारला गेला तर मला शून्य रुपये मिळतात, सहा महिन्यांची मेहनत फुकट.

कमिशन नाही घ्यायचं तर मुलाकडून ६०-७० हजार घ्यावे लागतील. मग राधानगरीचा पोरगा येणारच नाही, पुण्या-मुंबईचेच येतील. ती नैतिकता कुणाच्या कामाची?

प्राध्यापकांना रेफरल देणं मात्र मी स्वतः बंद केलंय. तिथे मुलगा आमच्यावर नाही, मॅडमवर विश्वास ठेवून येतो. ते विकत घेण्यासारखं नसतं.

माजी_काउन्सेलर_पुणे
@रंकाळा_कन्सल्टंट दादा, तुमची मेहनत मान्य, मीही त्या फायली केल्यात. एकच विचारते, तुमच्याकडे आलेल्या मुलाला तुम्ही सांगता का, की या युनिव्हर्सिटीकडून मला इतके मिळतात आणि त्या दुसरीकडून काहीच नाही?

रंकाळा_कन्सल्टंट
मिळतात हे सांगतो. किती ते नाही सांगत. विचारलं तर सांगेन, पण १४ वर्षांत कुणी विचारलं नाही.

ब्रॅम्प्टनमधून
विचारणार कसं दादा, विचारायचं असतं हेच माहीत नसतं.

मी २०२२ च्या सप्टेंबरला कॅनडात आलो, जळगावचा आहे. बीई मेकॅनिकल. मला सप्लाय चेनचा डिप्लोमा दिला, का तर "लवकर मिळतं". सांगितलं गव्हर्न्मेंट कॉलेज आहे. आल्यावर कळलं की नाव सरकारी कॉलेजचं, शिकवणारं खाजगी, कॅम्पस म्हणजे ऑफिस बिल्डिंगचे दोन मजले, खाली इन्शुरन्सवाल्याचं दुकान. सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम खाजगीवाले चालवतात अशी भागीदारी होती, ऑन्टारिओत तेव्हा जोरात चालायचं हे. मी एजंटला फोन केला की मला दुसरीकडे बदली करून द्या. पहिल्यांदा म्हणाला सेट व्हा आधी, नंतर उचललाच नाही. आता समजतं, मुलगा वर्गात बसला, फी जमा झाली की त्याचं कमिशन निघतं आणि तिथून पुढे मी त्याच्या कुठल्याच कॉलममध्ये नव्हतो.

मला वर्क परमिट मिळालं कारण मी आधी आलो होतो. माझा मामेभाऊ २०२४ च्या सप्टेंबरला आला, तोच एजंट, तसंच भागीदारीतलं कॉलेज. त्याच वर्षी १५ मेपासून नियम बदलला होता, अशा कॅम्पसमध्ये नवीन प्रवेश घेणाऱ्याला शिक्षणानंतरचं वर्क परमिट नाही. जानेवारीतच जाहीर झालेलं होतं. मामाने एजंटला विचारलंही होतं, उत्तर मिळालं "होतं काहीतरी, काळजी करू नका". मामाने तीन गुंठे विकले होते. भाऊ आता माझ्या खोलीत राहतो, रात्री भारतातली सकाळ झाली की मामाचा फोन येतो आणि तो बाथरूममध्ये जाऊन बोलतो, मला ऐकू जाऊ नये म्हणून.

पंजाबच्या मुलांचं २०२३ ला पेपरात आलंच होतं, बनावट ऑफर लेटरवर आणलेली साधारण ७०० मुलं म्हणत होते, आल्यावर त्यांना सांगायचे सीट भरल्या दुसरं कॉलेज घ्या, आणि वर्षांनी पीआरला (कायम राहण्याच्या परवानगीला) अर्ज केल्यावर कळलं की लेटरच खोटं. त्यानंतर १ डिसेंबर २०२३ पासून कॉलेजला प्रत्येक लेटर खरं आहे का ते इमिग्रेशन खात्याला कळवावं लागतं. चांगलं झालं, पण माझं लेटर खरं होतं. माझ्या भावाचंही खरं होतं. खऱ्या लेटरवरही माणूस फसतो, त्यासाठी कुठलाच नियम नाही.

मॅडम, तुम्ही ते पैसे घेऊ नका. घेतले तर मुलगा उद्या तुम्हाला इथून फोन करेल तेव्हा तुम्हालाही उचलता येणार नाही.

एसआयपी_महिन्याची
मी बँकेत आहे, त्यामुळे माझ्या डोक्यात म्युच्युअल फंड येतात. तिथेही पूर्वी असंच होतं, एजंट म्हणायचा तुमच्याकडून काही घेत नाही, फंड कंपनी देते. २००९ ला सेबीने एंट्री लोड, म्हणजे पैसे गुंतवतानाच कापला जाणारा खर्च, बंद केला, १ जानेवारी २०१३ पासून डायरेक्ट प्लान आले, एजंट नको असेल तर थेट घ्या आणि तेवढा खर्च तुमचा वाचतो. आणि विकणारा वेगळा, सल्ला देणारा वेगळा असं केलं, ज्या ग्राहकाकडून सल्ल्याची फी घेतली त्याच्या गुंतवणुकीवर कमिशन घ्यायचं नाही.

शिक्षणात गोची अशी आहे की थेट अर्ज केला तरी फी तेवढीच राहते, तीन लाख मुलाला परत मिळत नाहीत, युनिव्हर्सिटीकडे राहतात. म्हणून सगळ्यांना वाटतं मग एजंटकडून केलेलं काय वाईट, फुकट तर फुकट. पण फुकट नाही ना ते, तुमच्याच फीमधून गेलेत. आणि १० हजारांची एसआयपी चुकली तर बंद करता येते, वीस-पंचवीस लाखांचं कर्ज अन् आयुष्यातली दोन वर्षं कशी बंद करणार. आपल्याकडे नोकरीसाठी परदेशी पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते, शिकायला पाठवणाऱ्याला त्या कायद्यात तशी अट नाही. पंजाबने २०१२ मध्ये स्वतःचा कायदा करून कन्सल्टंटना लायसन्स लावलं.

आखेनकर
तुमच्या विद्यार्थ्यासाठी थोडं कामाचं. ८.७ आणि मेकॅनिकल म्हणजे जर्मनीत नक्की अर्ज करावा. मास्टर्सचे इंग्रजीतून बरेच कोर्स आहेत, भाषा प्रवेशाला लागतेच असं नाही, पण नोकरीला लागते, त्यामुळे आत्तापासून ए१ (जर्मन भाषेची पहिली पातळी) सुरू करायला सांगा. आधी एपीएस सर्टिफिकेट (पदवीची कागदं तपासून मिळणारा दाखला), २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीयांना सक्तीचं आहे, १८ हजार रुपये, वेळ लागतो म्हणून तेच पहिलं. मग युनी-असिस्ट या अर्जांच्या वेबसाइटवरून अर्ज, पहिला ७५ युरो, त्यानंतरचे ३०-३० युरो. बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्युशन फी नाही, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात सेमिस्टरला १,५०० युरो आहे आणि टीयू म्युनिकने पण आता लावली आहे. ब्लॉक अकाउंटला वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, ते खर्चाला त्याचेच त्याला महिन्याला मिळतात. हा आकडा ऐकून वडील घाबरतील, म्हणून हे पैसे फी नाही हे आधी सांगा.

एक सावधगिरी. जर्मनीतल्या काही खाजगी संस्था एजंटला कमिशन देतात, त्यामुळे "जर्मनी करून देतो" म्हणणारे पण असतात. नाव आलं की सरकारी का खाजगी ते बघायचं.

अमेरिकेसाठी एज्युकेशनयूएसएची, म्हणजे अमेरिकी सरकारची, सल्ला केंद्रं आहेत, मुंबईत यूएसआयईएफ या संस्थेकडे. कुणाला हवं असेल तर.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. ब्रॅम्प्टनच्या दादाचं वाचून मी दोन दिवस काही लिहू शकले नाही.

काय केलं ते सांगते. त्या गृहस्थांना व्हॉट्सॲपवर तीन गोष्टी विचारल्या. तुमचं टायअप कुणाकुणाशी आहे त्याची यादी द्या, प्रत्येकाकडून किती टक्के मिळतात ते द्या, आणि टायअप नसलेलं विद्यापीठ मुलासाठी योग्य असेल तर ते त्याला सांगता का. लेखी नाही आलं, फोन आला. "मॅडम हे असं कुणी विचारत नाही, आपण २० करूया." मी नाही म्हटलं. माझ्याच डिपार्टमेंटमधल्या एका सहकाऱ्याने हो म्हटलंय असं कळलं, त्यावर मी काय करायचं ते अजून ठरलं नाही. एचओडींकडे जायचं म्हणजे रोज समोरासमोर बसणाऱ्या माणसाशी वैर घ्यायचं, पण पुढच्या सेमिनारला कमिशनबद्दल मुलांसमोर बोलायला मला दहा मिनिटं द्या एवढं तरी मागणार आहे.

मग त्या विद्यार्थ्याच्या वडिलांना बोलावलं. प्लास्टिकच्या पिशवीत सगळी कागदं घेऊन आले होते, सातबारासुद्धा, कशाला लागेल माहीत नाही म्हणून. मी त्यांना आधी हेच सांगितलं की तुमच्या मुलाला तिकडे पाठवलं असतं तर मला १५ हजार मिळणार होते, आणि त्या ऑफिसला अडीच-तीन लाख. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "म्हणजे हे आमच्याच फीतलं का हो?" मी हो म्हटलं.

जर्मनीचं सांगितलं, ब्लॉक अकाउंटचं आखेनकर म्हणाले तसंच समजावलं. त्यांचा अजून इंग्लंडकडे ओढा आहे, पुतण्या लेस्टरला आहे, जवळचं कुणीतरी असेल म्हणतात, आणि ते कारण मला खोटं वाटत नाही. @पाऊस_यॉर्कशायरचा, त्या तीन विद्यापीठांची नावं तुम्हाला मेसेज केलीत, कोर्स कसे आहेत तेवढं बघून सांगाल का? एपीएसची कागदं मात्र शनिवारी करायची ठरली आहेत, मुलाची सगळ्या सेमिस्टरची मार्कशीट स्कॅन करायला घेतलीय, तिसऱ्या सेमची सापडत नाहीये.